विमानतळाच्या गेटवर ‘हे ओळखपत्र चालणार नाही’ म्हणाले तर

माझी आई शहाऐंशी वर्षांची. नागपूरला नातवाचं लग्न होतं, म्हणून मी तिला पहिल्यांदाच विमानाने घेऊन निघाले. तिचं आधार कार्ड रेशनच्या केवायसीसाठी धाकट्या भावाने नेलं होतं, ते गावीच राहिलं. तिच्याजवळ होतं ते कुटुंब निवृत्तिवेतनाचं पासबुक. राष्ट्रीयीकृत बँकेचं, फोटो चिकटवलेला, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर. गेटच्या बरंच अलीकडे रांगा लावून देणाऱ्या एका मुलाने ते उघडूनही न बघता सांगितलं, “आधार नाही? मग बाजूला व्हा.” आई बाजूला झाली. पिशवी पोटाशी धरून उभी राहिली आणि हळूच मला म्हणाली, “माझ्यामुळे तुझं विमान चुकेल का गं?”

तो मुलगा सुरक्षा दलातला नव्हता, कंत्राटी मदतनीस होता. त्याला नियम माहीत नव्हता आणि मलाही अर्धवटच माहीत होता. वीस मिनिटांनी आम्ही आत गेलो, कारण गेटवरच्या अधिकाऱ्याने पासबुक स्वतः हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, “चलेगा, माताजी को आने दो.” एवढंच लागलं. पण आईचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तरी माझ्याच आईची बाजू मांडताना माझी जीभ अडखळली. नंतर मी नियम मिळवून वाचले, माहितीचा अधिकार कसा वापरायचा ते शिकले, आणि आता सोसायटीतलं कुणी प्रवासाला निघालं की आधी माझ्याकडे येतं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी नियम कुणाचा ते समजून घ्या. विमानतळावर कोणती ओळखपत्रं चालतात हे ठरवतं नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस. त्याची अंमलबजावणी बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करतं. विमान कंपनीचं काउंटर तिसरं आणि रांगेतले मदतनीस चौथे. नियम करण्याचा अधिकार फक्त पहिल्याला आहे. बाकीचे तो पाळतात, आणि कधी कधी ऐकीव गोष्टीवर चालतात.

ही तपासणी उगाच आलेली नाही, हेही सांगायला हवं. १९८५ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॉम्बने पाडलं गेलं. तो बॉम्ब ज्या बॅगेत होता, ती सामानात देणारा माणूस स्वतः विमानात बसलाच नव्हता. त्यानंतर १९८७ मध्ये बीसीएएस स्वतंत्र खातं झालं. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला नेलं गेलं आणि २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा दलाकडे जायला लागली. म्हणून गेटवर तासन् तास उभ्या असलेल्या जवानाशी मी कधीही आवाज चढवून बोलत नाही. आपल्याला त्याच्याशी भांडायचंच नसतं. नियमात जेवढं आहे तेवढंच मागा, एवढं त्याला सांगायचं असतं.

आता ती यादी. बीसीएएसने ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून देशांतर्गत प्रवासासाठी दहा प्रकारची ओळखपत्रं सांगितली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा एम-आधार, पॅन कार्ड, वाहन परवाना ही आपल्याला पाठ असलेली. पण पुढची पाच लोक विसरतात आणि गेटवरची माणसंही विसरतात: नोकरीच्या ठिकाणचं ओळखपत्र (सरकारी, निमसरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांचं, तसंच खासगी मर्यादित कंपनीचंही), मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेचं विद्यार्थी ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुक, फोटो असलेलं पेन्शन कार्ड किंवा पेन्शनची कागदपत्रं आणि दिव्यांगत्वाचं फोटो ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र. यांपैकी कोणतंही एक पुरतं. आधार त्या दहांतलं एक आहे, दहांचं डोकं नाही. माझ्या आईचं पासबुक दोन कारणांनी बसत होतं, बँकेचं म्हणूनही आणि पेन्शनचं म्हणूनही.

आई-वडिलांबरोबर किंवा पालकांबरोबर जाणाऱ्या अल्पवयीन मुलाला, मोठ्यांकडे ओळखपत्र असेल तर, वेगळं ओळखपत्र लागत नाही. मात्र दोन वर्षांखालच्या बाळासाठी विमान कंपनी जन्मदाखला मागते, तो वयासाठी आणि भाड्यासाठी. सुरक्षेची मागणी वेगळी आणि कंपनीची वेगळी. ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी सवलतीच्या तिकिटाचंही तसंच: वयाचा किंवा विद्यार्थी असल्याचा पुरावा काउंटरवर मागितला तर द्यावा लागतो, तिथे वाद घालू नका.

आणि दहांपैकी एकही नसेल तर? चोरी होते, घर जळतं, पाण्यात कागद भिजतात. त्यासाठीही त्याच परिपत्रकात वाट ठेवलेली आहे: केंद्र किंवा राज्य सरकारच्या ‘गट-अ’ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या लेटरहेडवर, फोटो साक्षांकित करून दिलेलं ओळख प्रमाणपत्र. गावाकडे तहसीलदारांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा, आणि सहीखाली पदनामाबरोबर ‘गट-अ’ असं स्पष्ट लिहून घ्या. शिक्का फोटोवर अर्धा यायला हवा. चोरी झाली असेल तर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रतही सोबत ठेवा. ती ओळखपत्राची जागा घेत नाही, पण समोरच्याला परिस्थिती कळते.

फोनवरच्या कागदांबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आधारचा फोटो म्हणजे ओळखपत्र नव्हे. झेरॉक्सही नव्हे. डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये दोन कप्पे असतात. एक, सरकारी खात्याने थेट तिथे जारी केलेले कागद. दुसरा, आपण स्वतः फोटो काढून चढवलेले. डिजिटल लॉकरच्या २०१६ च्या नियमांत २०१७ साली ९-ए हा नियम घातला गेला आणि त्यानुसार पहिल्या कप्प्यातला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. दुसऱ्या कप्प्यातल्याला तो मान नाही. गेटवर फोन पुढे करताना जारी झालेला कागद अ‍ॅपमध्येच उघडून दाखवा, स्क्रीनशॉट नको. निघण्याआधी घरच्या वायफायवर एकदा उघडून बघा आणि फोन चार्ज करा. मी तरी मूळ कार्ड जवळ ठेवतेच.

आता आपल्या मराठी माणसांची खास अडचण, नावाची. मी पाहिलेल्या दहा भांडणांतली सात नावावरूनच झाली. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो. तिकिटाच्या फॉर्मवर दोनच रकाने असतात. त्यात कुणी मधलं नाव पहिल्या रकान्यात घालतं, कुणी गाळतं, कुणी आडनाव आधी लिहितं. बायकांचं तर माहेरचं नाव पॅनवर, सासरचं आधारवर आणि मतदार यादीत तिसरंच. माझ्या भावाचं नाव ज्ञानेश्वर. त्याच्या आधारवर इंग्रजीत ते डी-एन-वाय असं सुरू होतं आणि पॅनवर जी-वाय असं, कारण पॅनचा फॉर्म भरणारा एजंट हिंदीभाषक होता. माणूस एकच, ‘ज्ञ’ एकच, पण इंग्रजीत दोन माणसं झाली.

यावर उपाय तिकीट काढतानाच करायचा. कोणतं ओळखपत्र नेणार ते आधी ठरवा, ते समोर ठेवा आणि त्यावर इंग्रजीत जी अक्षरं आहेत तीच फॉर्मवर भरा. आपल्याला बरोबर वाटतं ते स्पेलिंग नको, कार्डावरचं हवं. एजंटकडून किंवा भाच्याकडून तिकीट काढून घेत असाल तर नाव फोनवर सांगू नका, कार्डाचा फोटो पाठवा आणि काम झालं की पुसायला सांगा. चूक दिसली तर थांबू नका. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांच्या आत कळवली, तर त्याच माणसाच्या नावाच्या दुरुस्तीला वेगळे पैसे लागत नाहीत. नंतर मात्र कंपनीकंपनीप्रमाणे नियम बदलतात, आणि विमानतळाच्या काउंटरवर गर्दीत ती दुरुस्ती करून घेणं म्हणजे जिवाला घोर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रात छापलेली नावबदलाची प्रत जवळ ठेवावी. दोन नावांमधला तो पूल असतो. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर बहुतेक वेळा जवान फोटो बघून सोडतात, पण त्या भरवशावर निघू नका.

आता प्रत्यक्ष गेटवर. वेळेच्या दोन-अडीच तास आधी पोहोचा, कारण आपली बाजू मांडायला वेळ लागतो आणि उशीर झालेल्या माणसाला आपली बाजू सोडून द्यावी लागते. परिपत्रकातल्या यादीचं पान छापून पिशवीत ठेवा. जायच्या आधल्या दिवशी बीसीएएसच्या संकेतस्थळावर यादीत बदल झालेला नाही ना, ते पाहून घ्या. कुणी अडवलं तर पहिला प्रश्न असा विचारा: “तुम्ही सुरक्षा दलाचे आहात का?” मदतनीस असेल तर “मला गेटवरच्या जवानांशी बोलायचं आहे” म्हणून पुढे जा. मदतनीसाला तुम्हाला परत पाठवण्याचा अधिकार नाही.

जवानही नाही म्हणाले, तर शांतपणे हिंदीत बोला. अनेक जण बिहार, राजस्थान, ओडिशा इथून आलेले असतात, मराठीचा आग्रह तिथे आपल्याच कामात अडथळा आणतो. मी हे वाक्य पाठ केलं आहे: “सर, बीसीएएस की लिस्ट में फोटो वाली पासबुक है, यह देखिए. आप अपने शिफ्ट इनचार्ज साहब को बुला दीजिए, मैं यहीं रुकती हूँ.” यात तीन गोष्टी आहेत. नियम कुणाचा ते सांगितलं, कागद पुढे केला, आणि निर्णय त्याच्या डोक्यावर न ठेवता वरिष्ठांकडे नेला. जवानाला स्वतःहून हो म्हणायची भीती वाटते, कारण चुकलं तर त्याची नोकरी. वरिष्ठ आले की तीही सुटते. शिफ्ट इनचार्ज नाही म्हणाले तर कारण विचारा आणि विमानतळाच्या मुख्य सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा नंबर मागा. विमान कंपनीच्या ड्युटी मॅनेजरलाही बोलवा. व्हिडिओ काढायला फोन उगारू नका. सुरक्षेच्या जागी चित्रीकरणाला मनाई असते, आणि मग ओळखपत्राचा विषय बाजूला पडून आपणच आरोपी होतो. त्याऐवजी वेळ, गेट क्रमांक आणि छातीवरच्या पट्टीवरचं नाव वहीत लिहा.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. ‘मी ओळखपत्रच दाखवणार नाही’ ही भूमिका आपल्याकडे गेटवर टिकत नाही. अमेरिकेत ती लढवून पाहिली गेली. जॉन गिलमोर नावाच्या गृहस्थांनी ४ जुलै २००२ रोजी ओकलंडहून वॉशिंग्टनला जाताना ओळखपत्र दाखवायला नकार दिला आणि विचारलं, हा नियम कुठे लिहिला आहे? नियम गुप्त होता. ते कोर्टात गेले. जानेवारी २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम बंद लिफाफ्यात स्वतः वाचला आणि त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कारण सांगितलं की ओळखपत्र न दाखवता अधिक कडक झडती देऊन जाण्याची वाट त्यांना होती. पुढे जून २००८ मध्ये तिथेही मुद्दाम नकार देणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. गिलमोर हरले, पण त्यांचा प्रश्न मला योग्य वाटतो. ज्या नियमावरून माणसाला अडवता, तो त्याला वाचायला मिळाला पाहिजे. आपली यादी उघड आहे, ही आपली मोठी जमेची बाजू. ती छापून नेण्याचा आग्रह मी म्हणूनच धरते.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी एवढंच: ७ मे २०२५ पासून तिथे देशांतर्गत विमानासाठी ‘रिअल आयडी’ दर्जाचं कार्ड किंवा मान्य असलेलं दुसरं ओळखपत्र लागतं. आपला भारतीय पासपोर्ट त्यात चालतो. तो मूळचा, मुदत असलेला, हातातल्या पर्समध्ये ठेवा, मुलाच्या घरी कपाटात नको. तिथल्या देशांतर्गत विमानाच्या तपासणीत कॅमेऱ्याने चेहरा टिपतात, त्याला नम्रपणे नको म्हणता येतं.

तसंच आपल्याकडे डिजियात्रेचं, म्हणजे ओळखपत्राऐवजी कॅमेऱ्याने चेहरा ओळखून आत सोडण्याच्या सोयीचं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीत ती सुरू झाली, २०२३ मध्ये पुण्यात आली, २०२४ मध्ये दाबोळीला. ज्यांना सोयीची वाटते त्यांनी जरूर वापरावी, रांग खरंच छोटी असते. पण ती ऐच्छिक आहे. सरकारने हे वारंवार सांगितलं आहे. चालवणारं डिजियात्रा फाउंडेशन ही कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा संस्था आहे. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा पाच मोठ्या विमानतळ कंपन्यांचा. विमान सुटल्यावर २४ तासांत विमानतळावरची माहिती पुसली जाते असं तिचं धोरण सांगतं. तरीही रांगेत एखादी मुलगी टॅबलेट पुढे करून “आजी, इकडे बघा” म्हणते आणि आजी बघतात, काय चाललंय ते न कळताच. माझ्या मावसबहिणीचं असं झालं. तिला वाटलं, हीच तपासणी. म्हणून आधी विचारा, “ही डिजियात्रा आहे का?” हो म्हणाली तर सांगा, “मला चेहरा द्यायचा नाही, मी ओळखपत्र दाखवून जाते.” साधी रांग प्रत्येक विमानतळावर असते. चेहरा आपला आहे. एकदा दिला की पासबुकासारखा बदलून मिळत नाही.

आधारच्या सक्तीबद्दल कोर्टाचा आधारही आपल्याजवळ आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना आधार मागू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ चा भाग रद्द केला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आधारने पडताळणी करणाऱ्या संस्थेवर ओळखीचा दुसरा मार्ग सांगण्याची जबाबदारी टाकली. गेटवर ही कलमं म्हणून दाखवू नका, कुणाला वेळ नसतो. ती तक्रारीच्या पत्रात लिहा.

खरा आक्षेप घरी परतल्यावर, लेखी नोंदवायचा. त्याच दिवशी, आठवण ताजी असताना. नागरी विमान मंत्रालयाचं ‘एअरसेवा’ पोर्टल आहे, केंद्र सरकारचं तक्रारींसाठीचं ‘सीपीग्राम्स’ही आहे. दोन्हींवर तक्रार क्रमांक मिळतो. भावना कमी आणि तपशील जास्त ठेवा. माझा नमुना असा: “अमुक तारखेला, सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी, अमुक गेटपाशी, माझ्या ८६ वर्षांच्या आईचं फोटो असलेलं बँक पासबुक न तपासता नाकारण्यात आलं आणि फक्त आधार मागण्यात आलं. बीसीएएसच्या यादीत पासबुक मान्य आहे. त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, गेटवरच्या सर्व कर्मचाऱ्यांना, कंत्राटी मदतनीसांसह, यादीची प्रत द्यावी आणि ती यादी मराठीत गेटवर लावावी.” शेवटची मागणी विसरू नका. आपलं काम झालेलं असतं, पण मागून येणाऱ्या आजीचं व्हायचं असतं.

उत्तर गुळमुळीत आलं तर माहितीचा अधिकार. औद्योगिक सुरक्षा दलाला अर्ज करू नका, ते कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा विषय सोडला तर त्याला सूट आहे. बीसीएएस त्या यादीत नाही. अर्ज त्यांच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना करा. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज त्या भागाच्या राजभाषेतही करता येतो. मराठीत लिहिलात तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडा, दिल्लीत लवकर हलतो. सुरक्षेच्या व्यवस्थेचे तपशील मागू नका, ते नाकारले जातात आणि नाकारले जायलाच हवेत. एवढंच विचारा: देशांतर्गत प्रवाशांसाठी आज लागू असलेल्या ओळखपत्रांच्या परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि प्रत, आधार सक्तीचं करणारा काही आदेश असल्यास त्याची प्रत, आणि कंत्राटी मदतनीसांना ओळखपत्र नाकारण्याचा अधिकार देणारा आदेश असल्यास तोही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. पोस्टाची पावती पासबुकाबरोबरच जपून ठेवा.

नागपूरहून परततानाही आईकडे तेच पासबुक होतं. मी यादी छापून तिच्या हातात दिली आणि पासबुकाच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ ओढली. गेटवर ती माझ्या पुढे होती. तिने स्वतःच पासबुक पुढे केलं, फोटोचं पान उघडून.